बाळाचं नाव ठरवताना: घरात एक आणि हजेरीत दुसरंच होऊ नये म्हणून

बारशाला आत्या बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगते, तेव्हा ते नाव ऐकलं जातं. त्यानंतर मात्र बहुतेक वेळा ते कोणीतरी वाचणार असतं: लसीच्या कार्डावरून, हजेरीपटावरून, रेल्वेच्या आरक्षण यादीवरून, कुरिअरच्या पाकिटावरून. आणि त्यातलं बरंचसं वाचन इंग्रजी अक्षरांतून होतं. घरातल्या सईची दवाखान्यात ‘साई’ होते ती इथेच.

मी पुण्यात बालवाडीत शिकवते. दर जूनला इंग्रजीत टाइप केलेली नवी यादी हातात येते आणि पहिल्या दिवशी काही मुलं ओ देत नाहीत, कारण पुकारलेलं नाव त्यांनी घरी कधी ऐकलेलंच नसतं. म्हणून पहिल्यांदाच आईबाबा होणाऱ्यांसाठी हा लेख. अर्थ, देवाचं नाव की आधुनिक, आजोबांचं नाव पुढे चालवायचं की नाही, हे तुमचं तुम्ही बघा. मी फक्त उच्चाराबद्दल बोलणार आहे.

माझं मत आधीच सांगते. कुणीच चुकणार नाही असं नाव शोधत बसू नका. तसं शोधायला गेलात तर मीरा, नील, माया अशी मोजकी नावं हातात उरतात आणि मग एका वर्गात चार मीरा बसतात. त्यापेक्षा आवडलेलं नाव लोक कसं कसं बिघडवतील ते आधीच ऐकून घ्या, आणि ज्याचं बिघडलेलं रूपही तुमच्याने ऐकवेल असं नाव ठेवा.

पायरी १: आधी तारखा बघा

घाईत ठरवलेल्या नावांचे आणि स्पेलिंगचे घोळ सगळ्यात जास्त असतात, आणि घाई बहुतेक वेळा गैरसमजातून होते. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते हे खरं. पण त्या नोंदीत बाळाचं नाव असलंच पाहिजे असं नाही. नावाशिवाय जन्म नोंदवता येतो. नोंदणी झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, आणि त्यानंतरही विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत ते घालता येतं. तेव्हा डिस्चार्जच्या गडबडीत कोणी फॉर्म पुढे केला आणि नाव पक्कं नसेल, तर तो रकाना कोरा ठेवा. लसीकरणाच्या कार्डावर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव असतंच, त्यावर काम चालतं.

दुसरी गोष्ट, नोंद जन्माच्या ठिकाणी होते, राहत्या पत्त्यावर नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत अजून आहे. बाळ साताऱ्याला झालं आणि तुम्ही राहता कोथरूडला, तर दाखला साताऱ्याचाच मिळणार. पुण्यातसुद्धा पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका आणि कॅन्टोन्मेंट बोर्ड यांची दफ्तरं वेगळी आहेत. नाव घालायला नंतर त्याच दफ्तरात जायचं आहे हे लक्षात ठेवा.

उशीर चालतो म्हणून निष्काळजीपणा मात्र नको. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखल्याचं वजन फार वाढलंय. शाळाप्रवेशापासून पुढे सगळीकडे तोच पुरावा, आणि पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणूनही या मुलांना तोच लागतो. पूर्वी दाखल्यावर एक, शाळेत दुसरं असं खपून जायचं. आता दाखल्यावर जे छापलं जाईल तेच पुढच्या प्रत्येक कागदावर उतरत जाणार. एकदा नोंदवलेलं नाव काढून दुसरं घालणं हे कोऱ्या रकान्यात नाव भरण्याइतकं सोपं नसतं.

पायरी २: राशीचं अक्षर आलं तर

घरात कोणीतरी पंचांग काढतंच. नक्षत्राच्या चार चरणांना चार अक्षरं असतात, रोहिणीला ओ, वा, वी, वू, अश्विनीला चू, चे, चो, ला. इथवर ठीक. पण बाळ हस्त नक्षत्रावर आलं की अक्षरं येतात पू, ष, ण, ठ. आता ‘ण’वरून नाव काय ठेवणार? आर्द्रेच्या चार अक्षरांत तर ‘ङ’ आहे.

यावर जुन्या लोकांनीच उत्तर काढून ठेवलंय: पत्रिकेसाठी नाक्षत्र नाव वेगळं आणि व्यवहारातलं नाव वेगळं. सासूबाईंना पटवायला हा मुद्दा पुरेसा आहे. जे अक्षर आलंय त्यावरून ओढूनताणून काढलेली नावं अनेकदा उच्चाराला अवघड असतात, कारण ती बोलण्यातून आलेली नसतात, यादीतून आलेली असतात. अप्पा बळवंत चौकात मिळणारी नावांची पुस्तकं आणि मोबाइलमधली ॲप्स दोन्हीकडे अशी नावं भरपूर सापडतात. ऐकायला गोड, अर्थ शोधायला गेलं तर कोशात पत्ता नाही.

यादी दहा नावांवर आली की ती वाचू नका, बोला. फोनवरून. गावाकडच्या आत्याला किंवा मामाला फोन लावा, नाव एकदाच सांगा आणि जे ऐकू आलं ते मराठीत लिहून व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगा. रेंज नीट नसेल तर उत्तमच. जे नाव त्यातूनही धड पोचतं, ते पुढे बँकेच्या फोनवरही पोचेल. ‘शर्व’ सांगितलं आणि ‘सर्व’ आलं, ‘अन्वी’ सांगितलं आणि ‘तन्वी’ आलं, तर तशी नोंद यादीसमोर करा. लगेच नाव खोडू नका, अजून पायऱ्या आहेत.

पायरी ३: मराठीतच फाटे कुठे फुटतात

बाहेरच्यांना दोष देण्याआधी आपलं घर बघू.

‘ऋ’ हा सगळ्यात मोठा फाटा. ऋतुजा, अमृता, मृण्मयी, कृष्णा, हृषीकेश. आपण ‘रु’ म्हणतो, उत्तरेत ‘रि’ म्हणतात, गुजराती आणि ओडिया माणसं आपल्यासारखं ‘रु’ म्हणतात. मूळ संस्कृतातला ‘ऋ’ हा स्वर होता, ‘रु’ही नव्हता आणि ‘रि’ही नव्हता, तेव्हा शुद्ध कोण यावर भांडण्यात अर्थ नाही. प्रश्न स्पेलिंगचा आहे. माझा सल्ला साधा: घरात जसं म्हणता तसं लिहा, म्हणजे ‘यू’ घालून. ‘आय’ घातलात की दिल्लीची माणसं अमृताला ‘अम्रिता’ म्हणतील आणि हळूहळू मुलगीही ऑफिसात स्वतःला तेच म्हणायला लागेल. तुम्हाला ते चालत असेल तर तसं करा, पण ठरवून करा. हृषीकेशचं आणखी एक त्रांगडं आहे. हृषीक म्हणजे इंद्रियं, त्यांचा ईश तो हृषीकेश. पण निम्मा महाराष्ट्र ‘ऋषिकेश’ लिहितो. इंग्रजीत एच आहे की नाही, यू की आय, शिवाय मधला ‘षी’ एका आयने की डबल ईने, इतक्या शक्यता होतात की एकाच वर्गातल्या दोन हृषीकेशांची स्पेलिंगं जुळली तर नवल. हे नाव ठेवणाऱ्यांनी आयुष्यभर स्पेलिंग सांगायची तयारी ठेवावी.

‘ज्ञ’चं तसंच. आपण ‘द्न्य’ म्हणतो, हिंदीत ‘ग्य’. प्रज्ञा नावाची मुलगी पुण्यात डी-एन-वाय लावून लिहिली जाते. मराठी माणूस ते बरोबर वाचतो. बाकीचे तिथे अडखळून ‘प्रद्निया’ असं काहीतरी करतात. जी-वाय लिहिलंत तर सगळा देश न अडखळता ‘प्रग्या’ म्हणेल, आणि आपली आजी विचारेल ही कोण. मला ‘ज्ञ’ची नावं आवडतात; सर्वज्ञ, यज्ञेश, प्रज्ञा यांना पर्यायी मराठी आवाजच नाही. ठेवायची तर डी-एन-वायनेच ठेवा आणि अडखळणं गृहीत धरा. जे-एन लिहून तिसराच प्रयोग करू नका, त्याने कुणाचंच भलं होत नाही.

‘च’ आणि ‘ज’ यांचे आपल्याकडे दोन-दोन उच्चार आहेत आणि अक्षर एकच. जुईचा ‘ज’ जुन्यातला ‘ज’, आणि जयचा ‘ज’ जीवातला. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही, पण हिंदी बोलणारा शेजारी जुईला जिभेच्या मधूनच म्हणणार, आणि ते त्याला दुरुस्त करून जमणारही नाही. हा फरक तुमच्या कानाला खुपणार असेल तर जाई, जुई यादीत खाली सरकवा. मला स्वतःला तो खुपत नाही.

‘श’ आणि ‘ष’ आता बोलण्यात एकच झालेत, तेव्हा आयुष की आयुश हा फक्त लिहिण्याचा प्रश्न. ‘ण’ आणि ‘न’ची अदलाबदल मात्र ऐकू येते. प्रणवचा ‘प्रनव’ कोणी केला तर पुण्यातले काही लोक भुवया उंचावतात. ती त्यांची अडचण. बाळाच्या बापाच्या घरीच तसं बोलत असतील तर त्यांच्या बोलीवर नाक मुरडण्यासाठी बाळाचं नाव वापरू नये.

शेवटचा मुद्दा ह्रस्वदीर्घाचा. मराठी लेखनाच्या नियमानुसार शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: अदिती, ऋषी, विष्णू. हिंदी आणि संस्कृत पद्धतीने तो ह्रस्व: अदिति, ऋषि. दाखल्यावर एक आणि शाळेच्या हिंदी प्रमाणपत्रावर दुसरं आलं तर घाबरू नका, पण स्वतः भरायच्या मराठी कागदांवर एकच रूप ठेवा.

पायरी ४: इंग्रजी अक्षरांतून नाव गाळून बघा

हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी हीच लोक सोडून देतात. बहुतेक घोळ तीन भोकांतून होतात.

पहिलं भोक म्हणजे ‘ए’ हे अक्षर. ‘अ’लाही ए आणि ‘आ’लाही ए. एस-ए-आय लिहिलं की सई गेली आणि साई आला. आर-ए-एम-ए म्हणजे रमाही आणि रामाही. जे-ए-आय म्हणजे जाई, पण वाचणारा ‘जय’ म्हणणार आणि मुलाला शोधणार. सायलीची सयाली तर इतकी सर्रास झालीय की काही सायल्यांनी भांडणं सोडून दिलीत.

यावर डबल ए हा उपाय लोक करतात. ‘आ’साठी दोन ए, ‘अ’साठी एक. पुण्या-मुंबईत हे बऱ्यापैकी कळतं. साराला, आर्याला त्याचा उपयोग होतो. पण उलट बाजूने त्याचा काहीच फायदा नाही. सईमध्ये मुळात ‘अ’ आहे, एकच ए आहे, तो आणखी कमी कसा करणार? अशा वेळी शेवट बदलून बघा. एस-ए-ई-ई लिहिलं तर निदान साई तरी होत नाही. कोणी ‘सी’ म्हणेल, तेव्हा सांगता येतं. मला विचाराल तर सई नाव ठेवावं, फार सुंदर नाव आहे, पण एस-ए-आय लिहून ठेवू नये. आणि डबल ए, डबल एन ही अक्षरं अंकशास्त्रवाल्याने सुचवली म्हणून घालत असाल तर नुसता आकडा जुळवू नका, ते स्पेलिंग अनोळखी माणसाकडून वाचूनही घ्या.

दुसरं भोक टी आणि डी. ‘त’ आणि ‘ट’, ‘द’ आणि ‘ड’ एकाच अक्षरात. वरद हे गणपतीचं नाव, पुण्यात घरोघरी. इंग्रजीतून वाचलं की पहिल्या झटक्याला ‘वराड’ होतं, म्हणजे अख्खं वऱ्हाडच दारात. दाक्षिणात्य लोक ‘त’साठी टी-एच लिहितात, म्हणून त्यांच्या स्वातीत टी-एच असतो, तुमच्या पार्थला किंवा अथर्वला ते ‘पार्त’, ‘अतर्व’ वाचू शकतात. हिंजवडीत ज्यांचं निम्मं आयुष्य जातं त्यांना हे अनुभवाने माहीत आहे. त्या हिंजवडीचीच ‘हिंजेवाडी’ कशी झाली ते आठवा. गावाचं जे होतं तेच माणसाचं होतं.

तिसरं भोक शेवटचा ए. आर्य आणि आर्या, अनन्य आणि अनन्या, काव्य आणि काव्या, स्वर आणि स्वरा: इंग्रजीत स्पेलिंग एक. मराठी कानाला एक मुलगा, एक मुलगी. यादीवरून वाचणारा बहुतेक वेळा ‘आ’ लावूनच वाचतो, त्यामुळे मुलांची पंचाईत जास्त होते. अनन्य नावाच्या मुलाला सहलीच्या यादीत मुलींच्या खोलीत घातल्याचे प्रकार घडतात. मुलगा असेल आणि नाव अकारान्त जोडाक्षराने संपत असेल, तर हा धोका लिहून ठेवा. अथर्व, शौर्य यांच्याबाबत ‘आ’ लागला तरी मुलगा मुलगाच राहतो, म्हणून ती नावं त्यातल्या त्यात सुरक्षित.

आता परीक्षा. ठरवलेलं स्पेलिंग एका कागदावर लिहा आणि ज्यांनी ते नाव कधी ऐकलेलं नाही अशा माणसांना मोठ्याने वाचायला द्या. तुम्ही मध्ये बोलायचं नाही, ओठही हलवायचे नाहीत. एक मराठी, एक हिंदी बोलणारं, एक दक्षिणेकडचं आणि जमलं तर एक जण असा की जो मराठी असून इंग्रजी माध्यमात शिकलाय. हा चौथा माणूस फार कामाचा, कारण तुमच्या मुलाचे मित्र असेच असणार आहेत. मोबाइललाही वाचायला लावा; रस्ता सांगणारी बाई वाकडला काय म्हणते ते ऐकलं असेल तर पुढे काय ऐकू येईल याची कल्पना येईलच.

पायरी ५: लकब वेगळी, चूक वेगळी

जे ऐकू आलं त्याचे तीन भाग करा.

समोरच्याच्या मातृभाषेमुळे आवाज बदलला असेल, तर ती लकब. बंगाली माणूस वरुणला ‘बोरुन’ म्हणेल, जपानी माणूस ‘ल’ आणि ‘र’ एकच करेल, हिंदी बोलणारा ‘ळ’चा ‘ल’ करेल. त्याने नाव ओळखलेलं असतं, फक्त त्याच्या तोंडून ते तसं बाहेर येतं. यासाठी नाव बदलायचं काही कारण नाही. आपणही त्यांच्या नावांचं काय करतो ते एकदा त्यांना विचारा.

अक्षरांमुळे भलतंच वाचलं गेलं असेल, तर ती वाचनाची चूक. सईची साई, वरदचा वराड. याला स्पेलिंग बदलणं आणि एकदा सांगणं हे दोन उपाय आहेत, आणि बहुतेक वेळा ते पुरतात.

तिसरा भाग म्हणजे चुकलेल्या रूपाचा अर्थ वाईट होतो, चेष्टा होते किंवा मुलाची मुलगी होते, आणि स्पेलिंग बदलूनही ते टळत नाही. नाव खोडायचं ते फक्त या तिसऱ्या भागात आलं तर. दुसऱ्या भागासाठी आवडतं नाव सोडणारी माणसं मला दरवर्षी भेटतात आणि दरवर्षी त्यांची हळहळ ऐकते.

पायरी ६: परदेशाचा विचार किती करायचा

पुण्यात हा प्रश्न बारशाआधीच निघतो, कारण प्रत्येक घरात एक काका अमेरिकेत आणि एक मावशी जर्मनीत असते. जर्मनमध्ये जे हे अक्षर ‘य’ असं वाचतात, त्यामुळे जान्हवीची यान्हवी होईल, आणि व्ही बऱ्याच वेळा ‘फ’ होतो. स्पॅनिशमध्ये जे म्हणजे घशातला ‘ख’, म्हणजे आपला जय तिथे ‘खाय’ होणार. फ्रेंच लोक एच उच्चारत नाहीत, हर्षचा सुरुवातीचा ‘ह’ गळेल. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत काही नावांच्या शेवटी अपशब्द लपलेला दिसतो. हर्षितची शेवटची चार इंग्रजी अक्षरं वेगळी काढून बघा म्हणजे कळेल.

तुम्ही पुढच्या दोन-तीन वर्षांत खरंच तिकडे जाणार असाल तर ही तपासणी करा. नुसतं ‘पुढेमागे गेला तर’ म्हणून करू नका. वीस वर्षांनी तो कुठल्या देशात जाईल हे आज माहीत नाही, आणि सगळ्या देशांना जमणारं नाव ठेवायचं म्हटलं तर पुन्हा मीराच.

पायरी ७: पूर्ण नाव म्हणा, आणि हाकही मारा

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव महाराष्ट्रात शासकीय कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव अशा क्रमाने लिहायचं आहे. म्हणजे आता बाळाच्या नावाला लागून आईचं नाव येणार. ते सलग म्हणून बघा. नाव ज्या व्यंजनाने संपतं त्यानेच पुढचं सुरू होत असेल तर दोन्ही एकमेकांत विरघळतात. नुसतं नाव-आडनाव म्हणतानाही हे होतं: वेद देशपांडे भरभर म्हणालात तर एक द हरवतो, ओम मराठेचंही तेच. फार मोठं दुखणं नाही, पण फोनवर नाव सांगताना कायम थांबावं लागतं.

मग हाक मारा, गॅलरीतून खाली खेळणाऱ्या मुलाला मारतो तशी. मराठीत हाक मारताना नाव बदलतं. सायलीची ‘सायले’ होते, ओवीची ‘ओवे’. मुलांना शाळेत ‘या’ चिकटतो: ओमचा ओम्या, रोहनचा रोह्या, ईशानचा इशान्या, म्हणजे एक दिशाच झाली. तुम्ही घरात कितीही ‘अद्वैत’ म्हणा, सोसायटीच्या मैदानावर अद्व्या होणार. हे थांबवता येत नाही. मोठ्या नावांचं काय आखूड रूप होईल याचा अंदाज घ्या, आणि घरात आधीच एक छोटं नाव रुजवा. रिकामी जागा सोडलीत तर मित्र ती भरतात.

पायरी ८: दोन्ही लिप्यांतलं नाव कागदावर पक्कं करा

नाव ठरलं की देवनागरी रूप आणि इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा, दोघांच्याही मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवा आणि यापुढे कुठल्याही खिडकीवर तोंडी नाव सांगू नका, कागद दाखवा. ‘तुम्ही लिहा, मी सांगतो’ या वाक्यातून जेवढी नावं बिघडली तेवढी दुसऱ्या कशाने नसतील.

जन्मदाखल्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही ओळी असतात. प्रती छापून घ्यायच्या आधी दोन्ही तपासा. लोक इंग्रजी बघतात आणि मराठी ओळ नजरेतून सुटते. आधारच्या वेळी हेच पुन्हा होतं. केंद्रावर इंग्रजी नाव टाइप केलं की मराठी रूप यंत्र स्वतः तयार करतं, आणि ते यंत्रही एस-ए-आयला साईच समजतं. समोरच्या स्क्रीनवर मराठी ओळ दिसते, तिथेच दुरुस्त करायला सांगा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यातली एक संधी वेलांटीवर घालवू नये. पाच वर्षांखालच्या मुलांचं आधार बायोमेट्रिकशिवाय निघतं आणि पाचव्या व पंधराव्या वर्षी ते अद्ययावत करावं लागतं, तेव्हाही नावाची ओळ परत वाचा.

ज्यांचं हे सगळं आधीच होऊन गेलंय आणि स्पेलिंग फारच खटकतंय, त्यांच्यासाठी राजपत्रातून नाव बदलण्याचा मार्ग आहे, अर्ज ऑनलाइन करता येतो. पण त्यानंतर दाखला, आधार, शाळा, बँक असं सगळीकडे फिरावं लागतं. मूल शाळेत जायच्या आत केलंत तर त्यातल्या त्यात सोपं.

पायरी ९: लोकांना सांगायचं कसं

समोरच्याला उच्चाराचे नियम सांगत बसू नका, जुळणारा एक शब्द द्या. ‘वरद, शरदसारखं.’ ‘रमा, क्षमासारखं.’ हिंदी बोलणाऱ्या रिसेप्शनिस्टला ‘सई, नई जैसा’ म्हटलं की तिचं पुन्हा चुकत नाही. मूल बोलायला लागलं की हे वाक्य त्यालाच शिकवा. तीन वर्षांचं मूल स्वतः ‘मी वरद, शरदसारखं’ म्हणालं की मोठी माणसं नाव लक्षात ठेवतात.

कुठे सांगायचं आणि कुठे सोडून द्यायचं हेही ठरवून टाका. कॉफीच्या दुकानात कपावर काहीही लिहू दे. डॉक्टर, शाळा, बँक, पासपोर्ट इथे मात्र दर वेळी सांगा, वाईटपणा आला तरी. बारशाच्या केकवाल्याला आणि फ्लेक्सवाल्याला नाव फोनवर सांगू नका, मराठीत टाइप करून पाठवा. इंग्रजीत पाठवलंत तर तो स्वतःच्या मनाने देवनागरी करेल आणि पाहुणे आल्यावर कळेल.

आणि शाळेत पहिल्या आठवड्यातच सांगा. जूनमध्ये चाळीस नवी नावं एकदम डोक्यात जात असतात. तेव्हा जे बसतं तेच मार्चपर्यंत राहतं. पालकांनी सांगितलं तर आम्हा शिक्षिकांना राग येत नाही. दिवाळीनंतर ‘बाई, त्याचं नाव तसं नाहीये’ असं कळतं तेव्हा मात्र येतो, कारण तोवर सगळा वर्ग तेच म्हणायला शिकलेला असतो. डब्यावर आणि पाण्याच्या बाटलीवर नाव देवनागरीत लिहून पाठवा. मावशींपासून बसवाल्या काकांपर्यंत जो कोणी ती बाटली उचलेल, तो बरोबर वाचेल.